मणीकामाचा छंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणी ओवायला शिकवते म्हटलं की फोनवर, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक वेळा तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी अगदी सुरुवातीचे, मग अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला शिवण, विणकाम काहीच येत नाही. मणीकाम जमेल का?

जमेल. भोकातून दोरा नेता आला आणि निरगाठ मारता आली की सुरुवातीपुरतं पुरे. पहिली वस्तू म्हणून ६ मिमीच्या काचेच्या मण्यांची १६ इंची, एकाच सराची माळ करा. एका दुपारी होते, गळ्यात घालता येते आणि हूक लावण्यापर्यंतचं सगळं काम हाताखालून जातं. कानातल्यांपासून सुरुवात करू नका. दिसायला ती सोपी वाटतात, पण तारेचं टोक गोल वळवायचं आणि दोन्ही कानांची कडी सारखी आणायची हे माळ ओवण्यापेक्षा बरंच अवघड आहे.

२. यानं खरंच मन शांत होतं, की नुसतं म्हणायचं?

काय करायला घेता त्यावर आहे. तीन पांढरे, एक निळा, पुन्हा तीन पांढरे, एक निळा अशी माळ घ्या. पहिल्या काही इंचांत तुम्ही मोजता. मग कधीतरी बोटांना तिसरा मणी आपोआप कळायला लागतो, सुईचं टोक न सांगता निळ्यांच्या ढिगाकडे वळतं आणि डोकं मोकळं राहतं. हात गुंतलेले असल्यामुळे फोन उचलता येत नाही, हाही फायदा काही लहान नाही.

याउलट पाच रंगांचा तक्ता समोर ठेवून, दर मण्याला वर बघत केलेलं काम मजेचं असतं, पण विश्रांतीचं नसतं. आणि परवाच्या साखरपुड्याला द्यायचा हार आज रात्री ओवायला बसलात तर मणी असोत की हिशेबाची वही, ताण तोच. म्हणून विरंगुळ्यासाठी ओवायचं असेल तर जिची कुणी वाट बघत नाहीये अशी वस्तू हातात घ्या.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, धास्ती वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा. मणी सोबतीला ठेवा, औषधाच्या जागी नको.

३. सुरुवातीला काय काय घ्यायचं आणि खर्च किती?

दोन रंगांचे मणी, गिअर वायरचं (नायलॉनच्या वेष्टणातली स्टीलची तार) एक रीळ, गिअर लॉकची (तारेचं टोक पक्कं करायला पकडीनं दाबायचे धातूचे बारीक मणी) पुडी, थोडे हूक आणि कड्या. हत्यारांत गोल नाकाची पक्कड, चपट्या तोंडाची पक्कड आणि छोटा कटर. हे सगळं हजार रुपयांच्या आत बसायला हरकत नाही. घरातली कात्री गिअर वायरला लावू नका. आत स्टीलच्या बारीक तारा असतात, कात्रीची धार जाते.

मणी ठेवायला महागडा ट्रे कशाला? काठ असलेल्या स्टीलच्या ताटात जुना नॅपकिन किंवा वेलवेटचा तुकडा पसरा. मणी घरंगळत नाहीत आणि सुईला उचलायला सोपे जातात.

तयार किट मात्र घेऊ नका असंच मी सांगते. त्यात वीस रंग असतात आणि एकाही रंगाचे मणी एका माळेला पुरत नाहीत. महिनाभरानं ती डबी कपाटात जाते.

४. मणी कुठून घ्यावेत? ऑनलाइन चालतील का?

पहिल्या खरेदीला दुकानातच जा. पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळी आणि तुळशीबाग; मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर. इतर शहरांत इमिटेशन दागिन्यांचं सामान विकणारी एक-दोन दुकानं सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत हटकून सापडतात. बारीक मणी वजनावर मिळतात, मोठे मणी आणि मोती लडीवर.

घेताना तीन गोष्टी करा. लड उजेडात न्या, ट्यूबलाइटखाली निळा आणि जांभळा एकच दिसतो. ओल्या पांढऱ्या रुमालावर दोन-चार मणी चोळून बघा, रंग उतरला तर ठेवून द्या. आणि भोकाच्या कडेवर नख फिरवा. कड खरखरीत असेल तर ती दोरा कापणार.

काचेच्या मण्यांचा बराच देशी माल उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगर आणि वाराणसीकडून येतो. अकीक (मणी करायचा एक दगड) हवा असेल तर गुजरातमधलं खंभात. एकदा माप आणि रंग डोळ्यांत बसले की मग ऑनलाइन खुशाल मागवा.

५. दुकानदार ११/०, ८/० असं काहीतरी म्हणतो. ते काय?

बारीक मण्यांचं माप. आकडा मोठा तितका मणी लहान. १५/० म्हणजे साधारण दीड मिमी, ११/० दोन, ८/० तीन आणि ६/० चार मिमी. नवख्या हातांना ८/० बरा.

जपानी मणी (मियुकी आणि तोहो, दोन्ही कंपन्या हिरोशिमा प्रांतातल्या) एकसारखे असतात आणि महाग असतात. चेक प्रजासत्ताकातले किंचित कमी-जास्त. आपल्याकडच्या बारीक मण्यांत एक जाडा, एक चपटा असं चालायचंच. साध्या माळेला या कमी-जास्तपणानं उलट जिवंतपणा येतो, त्यासाठी जपानी मण्यांवर पैसे घालवू नका. पट्टी विणायची असेल, म्हणजे मण्याला मणी चिकटून ओळींवर ओळी येणार असतील, तर मात्र एकसारखेच हवेत. नाहीतर पट्टी वाकडी होत जाते आणि दोष आपल्या हाताचा वाटत राहतो.

६. किती मणी लागतील हे आधी कसं कळणार?

लांबी मिलीमीटरमध्ये घ्या आणि मण्याच्या मापानं भागा. १६ इंच म्हणजे ४०६ मिमी. म्हणजे ८ मिमीचे ५०, ६ मिमीचे ६७ आणि ४ मिमीचे १०१ मणी. ११/० च्या बारीक मण्यांचे इंचाला १८ ते २० बसतात आणि एका ग्रॅममध्ये साधारण ११० येतात.

ब्रेसलेटला एक भानगड आहे. मणी जाड असतील तर आतलं वर्तुळ लहान होतं, म्हणून मनगटाच्या मापाचंच केलं तर हातात जात नाही. मण्याच्या जाडीच्या तिप्पटीहून थोडी जास्त लांबी वाढवा: ४ मिमीला अर्धा इंच, ८ मिमीला एक इंच. मग हातात खेळायला हवं असेल तर वर पाव इंच.

७. दोरा कुठला वापरू? घरात तंगूस आहे, चालेल?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माळा तुटतात त्याही बहुधा याच कारणानं.

तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. रुखवतातली मण्यांची तोरणं, पर्स, पाखरं, ताटाभोवतीच्या महिरपी त्याच्यावरच झाल्या. सुई लागत नाही, स्वस्त आहे, दिसत नाही. पण त्यावर गाठ धरत नाही, रिळाचा वाकडेपणा त्याच्या अंगात राहतो, आणि काही वर्षांनी तो पिवळा पडून कडक होतो. जुनं तोरण हातात घेतल्याबरोबर मणी पडायला लागतात ते यामुळे. सरावाला तंगूस वापरा, ठेवायच्या दागिन्याला नको.

गिअर वायर म्हणजे स्टीलच्या बारीक तारांवर नायलॉनचं वेष्टण. जड मणी, दगड, धातूचे मणी यांना हीच. हिला गाठ मारायची नाही, लॉक दाबायचा (प्रश्न १२).

बारीक मण्यांच्या विणीला मणीकामाचा नायलॉन दोरा किंवा फायरलाइनसारखा वेणी घातलेला पक्का दोरा. मोत्यांना रेशीम (प्रश्न १८). शिवणाचा सुती दोरा कशालाच नको, घामानं कुजतो.

पैलूदार क्रिस्टल आणि नळीचे मणी यांच्या कडा धारदार असतात. त्यांना गिअर वायर किंवा पक्का दोराच लावा, आणि नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल बारीक मणी घाला, म्हणजे दोरा कडेवर घासत नाही.

८. सुईत दोराच जात नाही. काय करू?

मणीकामाच्या सुया १० आणि १२ नंबरच्या असतात. नंबर मोठा तितकी सुई बारीक, आणि नेढं तर डोळ्याला दिसेल न दिसेल असं. दोऱ्याचं टोक तिरकं कापा, दोन नखांत दाबून चपटं करा, टोक जेमतेम दिसेल इतकंच चिमटीत धरा आणि सुई दोऱ्याकडे आणा. दोरा सुईकडे नेला की तो वाकतो.

तरीही जमत नसेल तर सुईच टाळा. दोऱ्याच्या शेवटच्या दोन इंचांना पारदर्शक नेलपॉलिश लावून वाळवा. टोक ताठ होतं आणि ६/० किंवा त्याहून मोठ्या मण्यांतून सरळ जातं. गिअर वायर मुळातच ताठ असते, तिला सुई लागत नाही.

९. मणी सांडतात. घरात लहान मूल आहे, भीती वाटते.

वाटायलाच हवी. तीन वर्षांखालचं मूल खोलीत असेल तर मणीकाम बाहेर काढू नका. डब्यांना फिरकीची झाकणं घ्या, उघडे वाडगे नकोत. मुलानं मणी नाकात किंवा कानात घातला तर चिमट्यानं काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. थेट डॉक्टरांकडे जा. चुंबकाचे मणी, चुंबकाचे हूक तर अशा घरात आणूच नका. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून गंभीर इजा होते.

सांडलेले मणी गोळा करायला व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा. तो नसेल तर चिकटपट्टीची उलटी गुंडाळी फरशीवर फिरवा. वेगवेगळ्या मापांचे एकत्र झाले असतील तर आधी पुरणाची चाळणी, मग रव्याची.

१०. साठी उलटली आहे. डोळे साथ देत नाहीत, हातही थोडा थरथरतो.

मग बारीक मणी सोडूनच द्या, ८ मिमीचे मणी आणि गिअर वायर घ्या. वायर ताठ, भोक मोठं, सुई नाही. लॉक दाबण्यापुरतं कुणाला तरी हाताशी बोलवा. जवळचा चष्मा ओवताना लावायचाच. दिवा डोक्यावर नको; बाजूला, ताटावर प्रकाश पडेल असा. काळे मणी पांढऱ्या नॅपकिनवर, पांढरे गडद नॅपकिनवर.

वय कितीही असो, अर्ध्या तासानं उठा. मान खाली घालून दोन तास गेलेले कळत नाहीत, रात्री कळतात. ताट मांडीवर न घेता टेबलावर, आणि त्याखाली दोन जाड पुस्तकं.

११. इलॅस्टिकचं ब्रेसलेट दर वेळी तुटतं किंवा गाठ सुटते.

मणी ओवण्याआधी इलॅस्टिक दोन-चार वेळा चांगलं ताणून घ्या. न ताणता ओवलं तर नंतर सैल पडून मण्यांमध्ये फटी दिसतात. ८ मिमीच्या मण्यांना ०.८ मिमीचं इलॅस्टिक पुरतं. गाठ मारताना पहिल्या वेढ्यात टोक एकदा नाही, दोनदा फिरवा, मग वर निरगाठ. त्यावर दागिन्यांच्या गोंदाचा थेंब आणि गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात सरकवा. फेविक्विक नको: इलॅस्टिक तिथे कडक होतं आणि तिथेच मोडतं.

एवढं करूनही इलॅस्टिक कायमचं नसतंच. त्यावर मौल्यवान दगड ओवू नका.

१२. गिअर लॉक दाबला तरी हूक सुटून येतो.

बहुतेक वेळा वायर लॉकमधून एकदाच गेलेली असते. क्रम असा: वायर लॉकमधून बाहेर, हुकाच्या कडीतून, आणि परत त्याच लॉकमधून मागे. उरलेलं शेपूट पुढच्या दोन-तीन मण्यांत लपवा. लॉकच्या आत दोन्ही वायरी शेजारी शेजारी आहेत, एकमेकींवर चढलेल्या नाहीत हे बघा आणि मग चपट्या पकडीनं एकदाच, ठाम दाबा. दोनदा-तीनदा दाबलेला लॉक चिरतो.

कडीपाशी एक-दोन मिलीमीटर वायर मोकळी ठेवा. सगळं ताठ ओढलं तर माळ गळ्यात वळत नाही, काठीसारखी उभी राहते, आणि वायर लॉकच्या कडेशी तुटते.

१३. पॉलिश महिन्यात काळं पडतं आणि मानेला खाजही येते. मणी खराब निघाले का?

दोष बहुधा मण्यांचा नसतो, हूक-कड्यांचा असतो. स्वस्त धातूत निकेल असतं आणि पुष्कळांना त्याची ॲलर्जी असते. खाज नेमकी मानेच्या मागे, हुकाखाली असेल तर हेच. स्टेनलेस स्टीलचे हूक लावून बघा, फरक पडतो. तरी थांबलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

काळं पडण्याला घाम, अत्तर आणि पावसाळा जबाबदार. अत्तर आधी, दागिना नंतर. पावसाळ्यात हवाबंद पिशवीत, औषधाच्या बाटलीत येते तशी सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. आतून रंगवलेल्या पारदर्शक मण्यांचा रंग घासून जातो, त्यांना पाण्यानं धुऊ नका.

१४. हे आपल्याकडे आधी होतं का, की यूट्यूबमुळे आलेलं फॅड आहे?

फॅड म्हणायचं तर फारच जुनं. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आहेत; काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. कवचाचा इवलासा तुकडा, मधोमध भोक, घासून गोल केलेली कड. महाराष्ट्रात तेव्हा शहामृग होते ही गंमत वेगळीच.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे सातवाहनकाळात व्यापाराचं मोठं गाव होतं, तिथल्या लामतुरे संग्रहालयात मणी जवळून बघता येतात. त्या बाजूला गेलात तर तासभर काढाच. खंभातच्या आसपासचा लाल अकीक तर हडप्पा काळात मणी होऊन इराकमधल्या उरपर्यंत पोचला होता. पुढे लमाणी बायकांची कवड्या, आरसे आणि मण्यांची भरगच्च कामं आहेत, आणि मागच्या पिढीचं रुखवत आहेच.

१५. पारंपरिक मराठी दागिन्यांपैकी घरी काय करता येईल?

तन्मणी सर्वांत सोयीचा. तीन-चार मिमीच्या मोत्यांचे चार ते सहा सर, मधे खड्याचं खोड (पदक), मागे रेशमी दोरी. खोड तयार मिळतं. सरांची लांबी एकसारखी ठेवू नका. आतल्या सरापेक्षा बाहेरचा प्रत्येक सर तीन-चार मिमी जास्त घ्या, नाहीतर गळ्यात आतले सर सुटे लोंबतात.

मोत्यांची नथही होते, पण ते तारेचं काम आहे. सांगाड्याला २० गेजची तार (सुमारे ०.८ मिमी) आणि मोती बांधायला २८ गेजची (०.३२ मिमी). दाबाची नथ करा. टोचलेल्या नाकात घालायची असेल तर दांडी सोनाराकडूनच करून घ्या. प्रत्येक मोत्यानंतर बारीक तार सांगाड्याभोवती दोनदा फिरते, आणि ते वेढे मागच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारे पडले पाहिजेत. पहिल्या नथीत ते पुढे येतात. चालतं.

चिंचपेटी जमते, कारण तिचे मोती चौकटीत ओवायचे असतात आणि चौकटी बाजारात मिळतात. ठुशी आणि कोल्हापुरी साज मात्र सोनारकाम आहे, ते घरी होणारं नाही.

१६. हलव्याचे दागिने याच प्रकारात येतात का?

येतात, आणि मणीकामातला तो सर्वांत हट्टी मणी. हलव्याला भोक नसतं, पाडायला गेलं तर तो फुटतो. म्हणून प्रत्येक दाणा दोऱ्याच्या फासात धरून, काट्यांच्या खाचेत दोरा बसवून गाठ मारतात, किंवा पुठ्ठ्यावर चिकटवतात. दाणे आधी मापानुसार निवडून ठेवा. हार आणि बांगड्या आधी करा. बिंदी, कानातली शेवटी, हात बसल्यावर.

संक्रांतीच्या आठवड्यातच करा आणि हवाबंद डब्यात ठेवा. कोकणात, मुंबईत हवेच्या ओलाव्यानं साखर पाझरते आणि मग मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. बोरन्हाणाच्या बाळासाठी करत असाल तर प्रश्न ९ पुन्हा वाचा. चिकटवलेला हलवा मुलांना खायला देऊ नका. बाळाला दागिने फोटोपुरते घाला आणि लगेच काढा, कारण ते पहिली चाखणी बांगडीचीच घेतं.

१७. आम्ही परदेशात आहोत. मंगळसूत्र वाढवलं, काळे मणी मिळत नाहीत. काय वापरू?

तिथल्या कुठल्याही मण्यांच्या दुकानात मिळतात, फक्त नाव वेगळं. अपारदर्शक काळे गोल बारीक मणी मागा. मियुकीत ४०१ क्रमांकाचा रंग, तोहोत ४९. माप ११/०, ठसठशीत हवे असतील तर ८/०. वाटीशेजारच्या सोन्याच्या मण्याजवळ ते ठेवून बघा, काळा मणी त्यापेक्षा लहानच दिसला पाहिजे.

२४ इंची दुपदरी मंगळसूत्राला ११/० चे साधारण नऊशे मणी, म्हणजे आठ-नऊ ग्रॅम. दहा ग्रॅमची पुडी पुरते. दोरा फायरलाइनसारखा घ्या आणि प्रत्येक पदर दुहेरी दोऱ्यावर ओवा. रोजच्या वापरातलं असेल तर वर्षाकाठी एकदा दोरा तपासा, विशेषतः वाटीच्या कडीपाशी. सोनं पडतं ते तिथूनच.

१८. मोत्यांच्या माळेत प्रत्येक मोत्यानंतर गाठ का असते? मी मारू शकते का?

दोन कारणं. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि माळ तुटलीच तर एकच मोती पडतो. दुहेरी रेशीम घ्या, तयार माळेच्या किमान तिप्पट लांब. मोती ओवा, सैल गाठ मारा, गाठीच्या फासात टाचणी घालून ती मोत्याला टेकेपर्यंत सरकवा, गाठ आवळता आवळता टाचणी बाहेर काढा. पहिल्या दहा गाठी रडवतात, पण नंतर मला विचाराल तर सगळ्या मणीकामात याहून निवांत दुसरं काही नाही.

खऱ्या मोत्यावर हात आजमावू नका. काचेच्या मोत्यांची एक अख्खी माळ आधी करा. खरा की खोटा हे बघायला मोती दातावर हलकेच घासा. खरा किंचित खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत. मोती संवर्धित आहे की नैसर्गिक हे मात्र असं कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. व्हिनेगरची परीक्षा करू नका. खरा मोती असेल तर तोच खराब होईल.

१९. आजीची सोन्याची बोरमाळ तुटली आहे. आता मला ओवता येतं, मीच गाठवू का?

नको. बोरमाळेचे मणी वरून भरीव दिसले तरी पातळ पत्र्याचे, बऱ्याचदा आत लाख भरलेले असतात. पकडीचा दाब लागला की पोचा पडतो, आणि तो निघत नाही. चुकीचा दोरा लावलात तर भोकाची सोन्याची कडही झिजते. सराफ बाजाराच्या आसपास बसणाऱ्या, दागिने गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडे न्या. नेण्याआधी मणी मोजा, वजन करा, फोटो काढा, आणि गाठवून आणल्यावर पुन्हा मोजा. याचं कुणाला वाईट वाटत नाही. चांगला पटवेकरी स्वतःच समोर मोजून घेतो.

तिथे बसून त्याचं काम बघा मात्र. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ज्या वेगानं रेशीम वळलं जातं ते कुठल्याही व्हिडिओत इतकं नीट दिसत नाही.

२०. तुळशीची माळ किंवा जपमाळ तुटली तर स्वतः ओवली तर चालेल का?

हातकामाच्या बाजूनं काहीच अडचण नाही. चालतं की नाही हे ज्याच्या त्याच्या घरच्या आणि संप्रदायाच्या रीतीवर आहे. वारकरी माळ घालतात ती ज्यांच्या हातून घेतली असेल त्यांना आधी विचारा. पंढरपुरात अशा माळा ओवून देणारे आहेतच.

ओवायची ठरली तर: जपमाळेत १०८ मणी आणि एक मेरुमणी. दोन मण्यांमध्ये गाठ मारतात, म्हणजे जप करताना मणी बोटाला सुटा लागतो. तुळशीची भोकं हातानं पाडलेली, कमी-जास्त असतात. अडलेल्या मण्यात सुई दाबून घुसवू नका, लाकूड चिरतं. पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून भोक हलकं घासा. एखादा मणी फुटलेला असेल तर त्याच मापाचा शोधत बसण्यापेक्षा मेरुमण्याशेजारी थोडा लहान घाला. तिथे खपून जातो.

२१. सगळे म्हणतात विकायला लाग. लागू का?

मैत्रिणींनी "किती सुंदर!" म्हणणं आणि पैसे देऊन घेणं यांत अंतर आहे. मालाड आणि राजकोटच्या कारखान्यांतून येणाऱ्या इमिटेशन दागिन्यांशी किमतीत तुमची बरोबरी होणार नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. ज्यांना नेमकं माप, नेमका रंग, आजीच्या फोटोतल्यासारखा तन्मणी हवा असतो त्यांच्यासाठी काम करा आणि किमतीत स्वतःचे तास धरा. चांदी म्हणून विकायचं तर चांदी असल्याची खात्री हवी, पॉलिशला चांदी म्हणू नका. दुसऱ्या कलाकाराचं डिझाइन जसंच्या तसं उतरवून विकणंही योग्य नाही, सरावाला केलंत तर गोष्ट वेगळी.

आणि विरंगुळा म्हणून सुरू केलं असेल तर ऑर्डरच्या कामाव्यतिरिक्त एक माळ फक्त स्वतःची ठेवा. कारण प्रश्न २ मध्ये आहे.

२२. मी डावखुरी आहे. व्हिडिओ बघून सगळं उलटं होतं.

माळ ओवण्यात डावं-उजवं नाहीच. विणीच्या कामात अडतं. फोनमध्ये व्हिडिओ आडवा उलटा करायची सोय असते, आरशात दिसतो तसा, ती वापरा. कागदावरचा तक्ता असेल तर त्याचा फोटो काढून तोही तसाच उलटवा. अक्षरं किंवा आकडे विणायचे असतील तेवढा तक्ता मात्र मूळचा ठेवा, नाहीतर नाव उलटं उमटेल.

२३. विणीची अर्धी पट्टी झाल्यावर मधे एक मणी जास्त पडलेला दिसला. सगळं उसवायचं?

जास्त पडला असेल तर नाही. तो मणी फोडता येतो. त्याच्या भोकात, दोऱ्याच्या शेजारून एक जाड सुई किंवा टाचणी घाला. ती दोऱ्याला ढाल होते आणि काच आतून बाहेर फुटते. चष्मा घाला, पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत धरा म्हणजे चुरा उडत नाही, आणि चपट्या पकडीनं फक्त मण्याच्या कडा दाबा. फुटला की चुरा झटका आणि दोरा ओढून फट मिटवा. काचेचा मणी सहज फुटतो. प्लास्टिकचा नुसता चपटा होतो, तो नेलकटरनं कापावा लागतो.

एक मणी कमी पडला असेल तर मात्र युक्ती नाही. तिथपर्यंत उसवा. सुई काढून टाका आणि दोरा एकेका मण्यातून मागे घ्या. सुई न काढता मागे ढकललीत तर ती आधीच्या दोऱ्याच्या धाग्यांतून घुसते आणि मग खरंच सगळं उसवावं लागतं.